पौंड, बार आणि भाऊबंदकी

टायरवाल्याला ‘पुढे तीस, मागे बत्तीस’ एवढे सांगितले की काम होते. तीस काय आणि बत्तीस काय, हे तोही विचारत नाही, आपणही सांगत नाही. ते असतात पौंड. दर चौरस इंचाला इतके पौंड, म्हणजेच पीएसआय. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. शेर, मण, रत्तल बाजारातून उठले. टायरमधला पौंड तेवढा टिकला. मात्र हवा मोजायच्या मीटरच्या तबकडीवर आकड्यांची दोन वर्तुळे असतात. बाहेरच्यावर काटा ३० वर आला की आतल्यावर तो २ च्या जरासा पुढे गेलेला दिसतो. आतले ते वर्तुळ बार या मेट्रिक एककाचे.

यातला पौंड हा शब्द मूळचा अर्धाच आहे. रोमन लोकांचे वजनाचे माप होते ‘लिब्रा’. ‘लिब्रा पोन्दो’ म्हणजे ‘वजनाने एक लिब्रा’. युरोपातल्या जर्मानिक भाषांनी यातला ‘पोन्दो’ उचलला आणि त्याचा पौंड झाला. ‘लिब्रा’ बोलण्यातून गेला, पण लिहिण्यातून गेला नाही. पौंडाची इंग्रजी खूण अजूनही ‘एलबी’ आहे, ती या लिब्राची. लिब्राचा दुसरा अर्थ तराजू; पाश्चात्त्य ज्योतिषात तूळ राशीचे नाव तेच आहे. इंचाचे मूळही लॅटिनच. ‘उन्किया’ म्हणजे बारावा भाग: फुटाचा बारावा हिस्सा तो इंच, आणि रोमन लिब्राचा बारावा हिस्सा तो औंस. एकाच शब्दाने एकदा लांबी मोजली, एकदा वजन.

आता बार. दारूच्या बारशी याचा संबंध नाही. दारूचा तो आडव्या दांड्यावरून आला. दाबाचा बार ग्रीक ‘बारोस’वरून, आणि बारोस म्हणजे वजन. बॅरोमीटरही त्यातलाच. मराठी माणसाला इथे चटकन ‘भार’ आठवतो. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत हवेच्या दाबाला ‘वायुभार’ म्हणतच असत. अर्थ जुळतो, उच्चार जुळतो, पण मूळ जुळत नाही. भार आला ‘भृ’ धातूवरून. ओझे वाहणे हा त्याचा अर्थ, आणि हवा ‘भरणे’ हेही त्याच घरचे. बारोसचा खरा सख्खा आपल्याकडे आहे तो ‘गुरु’, म्हणजे जड. लॅटिनमधला ‘ग्राविस’ही त्यांचाच भाऊ. बारचे नाते सांगायचे तर ते वायुभाराशी नाही, गुरुत्वाकर्षणाशी आहे.

हिशेबात १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. तोंडी करायचे तर पौंडांना सातने गुणावे. येतात ते साधारण किलोपास्कल, हेही दाबाचेच एकक. शंभराने भागले की बार. बत्तीस साते दोनशे चोवीस, म्हणजे सव्वादोन बारच्या आसपास. नेमका आकडा २२०.६ किलोपास्कल, म्हणजे २.२ बार. सात हा आकडा किंचित जास्तच पडतो, पण टायरला तेवढे चालते.

पास्कल हे नाव मात्र वजनातून आलेले नाही, माणसाचे आहे. ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिये १६४८ साली फ्रान्समधल्या प्युई द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला, आणि वर पारा खाली उतरलेला दिसला. उंचीवर हवेचा दाब कमी, हे त्यातून पटले. एककाला पास्कलचे नाव मिळाले ते १९७१ साली. पण हे एकक फारच चिमुकले. टेबलावर पडलेला साधा कोरा कागद पाऊण पास्कलचा दाब देतो. त्यामुळे व्यवहारात त्याच्यामागे किलो किंवा हेक्टो लावल्यावाचून चालत नाही. हवामान खात्याचा हेक्टोपास्कल तर जुना मिलिबारच; आकडा तोच, नाव नवे. रक्तदाब तेवढा पाऱ्याच्या मिलिमीटरांत राहिला. डॉक्टरांनी ‘तुमचं सोळा-पावणेअकरा आहे’ म्हटले तर रोगी घाबरेल. पण किलोपास्कलात १२०/८० म्हणजे तेवढेच.

राहिला रत्तल. पौंडाला मराठीत हाच शब्द होता. तो अरबी ‘रत्ल’वरून आला, आणि रत्ल आला ग्रीक ‘लित्रा’ची अक्षरे उलटसुलट होऊन. लित्रा आणि लिब्रा ही एकाच जुन्या शब्दाची दोन रूपे. त्याच लित्रावरून फ्रेंचांनी आपल्या नव्या मापाला नाव दिले: लिटर. म्हणजे मेट्रिकने रत्तलाला बाजारातून उठवले आणि त्याच्याच रक्ताचा लिटर त्याच बाजारात आणून बसवला. इंपीरियल आणि मेट्रिक यांच्यात आहे ती भाऊबंदकी. नाते असल्याशिवाय ती होत नाही, आणि १४.५ ची वाटणी केल्याशिवाय मिटत नाही.