दोन हृदयांची बाई

परवा भाचीबरोबर दवाखान्यात गेले होते. आठवा महिना चालू आहे तिचा. पोटाला दोन पट्टे बांधले आणि मशीनमधून टकाटक टकाटक आवाज सुरू झाला, लांबून घोडा दौडत यावा तसा. कागदावरची रेघ १४० च्या आसपास वरखाली होत होती. (११० ते १६० च्या मध्ये असली की ठीक, असं नर्सबाई म्हणाल्या.) घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "तिला कोणी काही बोललं नाही ना? रडली नाही ना?"

आईच्या या प्रश्नाला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. १९७४ साली दादाच्या वेळी तिला सातवा महिना होता तेव्हा आजोबा अचानक गेले. ती खूप रडली. दादा जन्मला तो हृदयाला छिद्र घेऊन. घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई (नाव नको, घरचे ओळखतील) बाळंतिणीच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "एवढं रडायला नको होतं गं." झालं. पुढे मुंबईला ऑपरेशन झालं, दादा आज पन्नाशी ओलांडून आजोबा व्हायला निघालाय, पण ते वाक्य काही आईच्या मनातून गेलं नाही.

म्हणून म्हटलं, बघू तरी या समजुतीचा माग काढून.

समजूत जुनी, आणि फक्त आपली नव्हे. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईला 'दौहृदिनी' म्हणायचं, दोन हृदयांची. तिच्या इच्छा मारायच्या नाहीत. आपले डोहाळे तिथलेच. तिकडे युरोपात तर कहर होता. गरोदर बाई सशाला दचकली की मूल फाटक्या ओठाचं होतं, असं शिकलेले लोकही मानत. १७२६ साली इंग्लंडमध्ये मेरी टॉफ्ट नावाच्या बाईने आपल्याला ससेच झाल्याचा दावा केला आणि राजाच्या पदरच्या सर्जनलाही तो पटला! ती लबाडी उघड झाल्यावर १७२७ मध्ये जेम्स ब्लाँडेल या लंडनच्या डॉक्टराने पुस्तक लिहून आईच्या कल्पनेने मूल घडतं-बिघडतं या समजुतीवरच हल्ला चढवला. मला हा माणूस फार आवडला. आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला कोणीतरी सुरुवात केली ना!

पण गर्भाचं हृदय ऐकायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. १८१८ मध्ये जिनिव्हाच्या मेयर या सर्जनने पोटाला कान लावून ते ऐकल्याची नोंद आहे. १८२१ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये केर्गारादेकने ते स्टेथोस्कोपने ऐकल्याचं जाहीर केलं. गंमत अशी की तो शोधत होता गर्भजलाचा खळखळाट. कानावर आली घड्याळासारखी टिकटिक, आईच्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट वेगाची. म्हणजे हे आईचं हृदय नव्हेच. दुसरं.

मग १९३० च्या दशकात अमेरिकेत, ओहायोतल्या फेल्स संस्थेत, लेस्टर सॉन्टॅग आणि वॉलेस यांनी आईच्या पोटावर लाकडी चकती ठेवून ती कंप पावेल अशी केली, तर बाळाच्या ठोक्यांचा वेग वाढला. म्हणजे बाहेरचं जग आत पोचतं. पुढे सॉन्टॅगने, मोठा मानसिक धक्का बसलेल्या काही बायकांच्या पोटातल्या बाळांची हालचाल अतोनात वाढल्याचं लिहिलं. तोवर ॲड्रिनलिन माहीत झालेलं होतं, कॉर्टिसॉलही लवकरच वेगळं काढलं गेलं. आई आणि बाळ यांच्यामध्ये एकही मज्जातंतू नाही हे खरंच, पण रक्तातून रसायन जातं. जुनी समजूत अशी मागच्या दाराने परत आली.

कितपत परत आली, हे महत्त्वाचं. २००० साली न्यूयॉर्कच्या कॅथरीन मंक आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या तिमाहीतल्या बायकांना गणितासारखी डोक्याला ताण देणारी कामं दिली. मुळात चिंता जास्त असणाऱ्यांच्या बाळांचे ठोके वाढले, बाकीच्यांच्या बाळांचे तसे नाही. पण हा बदल काही मिनिटांत दिसतो, आणि कॉर्टिसॉल इतक्या झटपट चढत नाही. मग ॲड्रिनलिनमुळे गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा बदलतो, की बाळाला आईची धडधड ऐकू येते? यावर अजून एकमत नाही. शिवाय वारेत एक विकर असतं, ते आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय करून टाकतं. निसर्गाने दारावर राखणदार बसवलाय म्हणा ना. दीर्घकाळच्या तीव्र ताणात तो थोडा ढिला पडतो असं दिसतं, म्हणून फार मोठं आणि सतत चालणारं दुःख हा काळजीचा विषय आहेच. पण २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या जॅनेट डिपिएत्रो यांना, निरोगी आयांच्या बाबतीत, थोडाफार ताण असलेल्यांची मुलं दोन वर्षांची झाल्यावर उलट किंचित पुढेच आढळली.

आणि छिद्र? हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा पहिल्या आठ आठवड्यांच्या आसपास पुरा होतो. त्यात फट राहायची ती तेव्हाच राहते. सातव्या महिन्यातल्या रडण्याने दादाचे ठोके घटकाभर वाढले असतील, नसतील. पडद्याला त्या रडण्याने छिद्र पडणं शक्यच नव्हतं.

हे काल दुपारी आईला सांगितलं. ती निवडलेली मेथी तशीच ठेवून बोटांवर महिने मोजायला लागली. दोनदा मोजले. मग म्हणाली, "म्हणजे बाबा होते तेव्हाच ते झालं होतं?"

"हो."

"मला तर तेव्हा दिवस गेलेत हेही नीट माहीत नव्हतं गं." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. रात्री मात्र दादाला फोन लावून तासभर बोलत बसली होती.