‘थ्री नॉट थ्री’ची ओळख ठशांवरून

जुन्या लष्करी रायफलींचे संग्राहक जगभर आहेत; भारतात मात्र कायद्यामुळे त्यांची वाट अरुंद आहे. तरीही जुन्या वाड्यांतून वा माजी सैनिकांच्या घरांतून एखादी संगीन, तेलाची पितळी कुपी, क्वचित अख्खी रायफलही बाहेर येते. बहुतेक वेळा ती निघते ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्याकडची ‘थ्री नॉट थ्री’.

जेम्स पॅरिस ली यांनी रचलेला बोल्ट व काडतुसांची पेटी आणि इंग्लंडमधील एनफिल्ड कारखान्याने ठरविलेले नळीतील आटे, असा या जोडनावाचा उगम. १९०७ मध्ये मंजूर झालेला आखूड नळीचा ‘मार्क ३’ हा नमुना पहिल्या महायुद्धात गाजला. बंगालमधील इच्छापूर कारखान्यात तो स्वातंत्र्यानंतरही तयार होत राहिला. १९६० च्या दशकात तेथेच ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी ‘२ए’ व ‘२ए१’ या आवृत्त्या निघाल्या. १२ काडतुसांच्या चौकोनी पेटीमुळे त्या चटकन वेगळ्या ओळखू येतात. मूळ रायफलीत १० काडतुसे मावतात.

ओळख पटविण्याची सुरुवात दस्त्याच्या खोबणीपासून करावी. लाकडी दस्ता ज्या पोलादी कड्यात बसतो, त्याच्या उजव्या अंगावर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना असे ठसे एकाखाली एक असतात. इच्छापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलींवर ‘जी. आर. आय.’ ही सम्राटपद दाखविणारी अक्षरे आढळतात. प्रजासत्ताकाच्या काळात मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बाणाची खूण सरकारी मालकीची. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती वस्तू सरकारी सेवेतून विकली गेली, असे समजावे.

फसवणूक होते तीही याच जागी. खैबर परिसरातील कारागिरांनी ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला केल्या, पण अक्षरांनी त्यांना दगा दिला. कुठे ‘एन’ उलटा, कुठे स्पेलिंग चुकलेले. राणी व्हिक्टोरियाचे निधन १९०१ चे. तिची आद्याक्षरे आणि शेजारी १९१९ साल असा ठसा दिसला की पुढे काही पाहण्याची गरज नाही.

सांगाडा, बोल्टची मूठ व नळीच्या टोकाची टोपी यांवरील क्रमांक जुळणे हे केवळ किमतीपुरते महत्त्वाचे नाही. बोल्ट त्या-त्या रायफलीला बेतून बसविलेला असतो. परका बोल्ट घातल्यास काडतुसामागे अंतर राहून बार उडताना पितळी कवच फाटू शकते. भारतीय रायफलींच्या आणखी काही खास खुणा आहेत. पेटीपुढच्या लाकडात आडवा बसविलेला स्क्रू ही त्यांतली एक. हातबॉम्ब फेकण्यासाठी वापरलेल्या रायफलीच्या पुढील भागावर तारेचे वेढे असतात. पोलीस व तुरुंग पहाऱ्यासाठी गुळगुळीत नळी बसवून केलेली ४१० बोअरची मस्केट ही इच्छापूरचीच करामत.

सुट्या वस्तूंमध्ये संगीन सर्वांत फसवी. पात्याच्या मुळाशी ‘१९०७’ कोरलेले पाहून अनेक जण ते निर्मितीचे वर्ष मानतात. वास्तविक ते नमुन्याचे वर्ष आहे. तपासणीचा महिना व साल खाली वेगळे असते. मूळ पाते १७ इंचांचे. भारतात पुढे १२ इंचांची आखूड पाती प्रचलित झाली. १९१३ पूर्वीच्या संगिनींना मुठीपाशी आकडा होता. तो पुढे बहुतेक ठिकाणी कापून टाकण्यात आल्याने आकड्यासह टिकलेल्या संगिनीला मोठा भाव मिळतो, आणि म्हणून नकली आकडेही जोडले जातात! दस्त्याच्या पितळी झाकणाआड तेलाची कुपी आणि नळी साफ करण्याची दोरी असते, तेही उघडून पाहावे. काडतुसाच्या बुडावर ‘के’ व ‘एफ’ यांमध्ये बाण असेल तर ते पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचे. हा कारखाना १८६९ चा.

घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. पॉलिश कागदाने ठसे जातात, मोल जाते; शिवाय अग्निशस्त्रावरील ओळखचिन्ह हेतुतः पुसणे हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे.

‘आजोबांची आहे, पुराणवस्तू आहे’ ही सबबही पुरेशी नाही. या कायद्याच्या कलम ४५ मधील सवलत दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाही, अशाच कालबाह्य शस्त्रांना आहे. चालू स्थितीतील ३०३ रायफल तीत बसत नाही. उलट शस्त्र नियम, २०१६ नुसार ती, ७.६२ ची रायफल आणि ४१० ची मस्केटही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. जिवंत काडतूस एकच असले तरी परवाना लागतो. घरात असे शस्त्र सापडल्यास ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला परवाना हवा असल्यास त्यासाठीचा अर्ज त्यानंतर करता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात.