उपाशी पोट आणि बिघडलेले मन : मिनेसोटाच्या प्रयोगाची गोष्ट

"दिवसभर मोबाइलवर पदार्थांचे व्हिडिओ बघते, घरातल्या सगळ्यांना आग्रहाने वाढते, आणि स्वतः मात्र अर्धी पोळी तासभर चिवडत बसते. हे नाटक नाही तर काय?" ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने अन्न तोडण्याच्या आजारात, आई-वडील असे वैतागून विचारतात. तेव्हा मला ऐंशी वर्षांपूर्वीचा एक प्रयोग आठवतो.

साल १९४४. दुसऱ्या महायुद्धात युरोपातले लाखो लोक उपासमारीने खंगले होते. त्यांना पुन्हा खाऊ घालायचे तर कसे आणि किती, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने हे शोधायचे ठरवले. (पुढे कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराच्या संशोधनामुळे गाजले ते हेच.) युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ तरुण स्वखुशीने तयार झाले. शरीराने आणि मनाने धडधाकट असलेलेच निवडले होते, हे लक्षात ठेवा.

पहिले बारा आठवडे त्यांना पोटभर जेवण मिळाले. मग चोवीस आठवडे रोज दोन वेळा बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असे बेताचे अन्न, सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास, आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे. आज वजन कमी करायला हातोहात वाटले जाणारे कित्येक डाएट चार्ट याहून कमी कॅलरींचे असतात!

त्यांचे वजन साधारण एक चतुर्थांश घटले. नाडी मंदावली, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. हे अपेक्षितच होते. चकित करणारा बदल मनात झाला. हसतमुख मुले चिडकी आणि उदास झाली, मित्रांपासून तुटली. डोक्यात चोवीस तास अन्नच. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागले, कोणी ताटातला घास तासन् तास पुरवून खाऊ लागले, कोणी अन्नात पाणी घालून ते वाढवू लागले. च्युइंगम आणि कॉफीचा तर अतिरेक झाला. काहींनी चोरून खाल्ले आणि नंतर अपराधी भावनेने तळमळले. यांतल्या कोणालाही आधी असला त्रास नव्हता. म्हणजे ज्याला आपण नाटक किंवा हट्ट म्हणतो, त्यातले बरेचसे उपाशी मेंदूचे काम असते.

माझ्या मते याहून मोलाचा भाग पुढचा आहे. १९४५च्या जुलैअखेर उपासमार संपली. आता बारा आठवडे आहार हळूहळू वाढवायचा होता. तरुणांचे चार गट करून त्यांना वेगवेगळ्या कॅलरी दिल्या. ज्यांना कमी मिळाल्या ते जेमतेम सावरले. जादा जीवनसत्त्वांनी फारसा फरक पडला नाही. लागत होते ते भरपूर अन्न. पुढे मोकळीक मिळाल्यावर काही जण पोट तडीला लागेपर्यंत खात, तरी भूक शमेना. वजन आधी चरबीच्या रूपाने परतले. मन लगेच ताळ्यावर आले नाहीच. जवळपास साठ वर्षांनी हयात असलेल्यांच्या मुलाखती झाल्या, तेव्हा पूर्ण बरे व्हायला दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागल्याचे त्यांनी सांगितले.

या तरुणांना वजनाची भीती नव्हती, ॲनोरेक्सियाच्या रुग्णाला असते. त्यामुळे नुसते अन्न हा पुरा उपचार नव्हे. पण पोट भरल्याशिवाय समुपदेशनही मनात उतरत नाही. बरी होत असलेली मुलगी अचानक खूप खाऊ लागते आणि "माझा स्वतःवर ताबाच राहिला नाही" म्हणून रडते, तेव्हा तिला हे आवर्जून सांगा : शरीर तूट भरून काढते आहे. अशा वेळी पुढचे जेवण टाळले, तर भूक आणखी उसळते. तीन जेवणे आणि मधली खाणी ठरल्या वेळी चालूच ठेवायची.

ही जेवणे वाढणार कोण? १८७३च्या सुमारास लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. नियमित खाऊ घालण्यावर त्यांचा भर होता, पण नातेवाईक शुश्रूषेला नकोत असे त्यांचे मत. पुढे शंभर वर्षे कुटुंबाकडे संशयानेच पाहिले गेले. १९८७ मध्ये लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयातल्या अभ्यासाने चित्र बदलले. आजार कोवळ्या वयात सुरू झालेला आणि फार जुना नसेल, तर कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार अधिक लाभले. आज किशोरवयीन रुग्णांमध्ये हीच पद्धत आधी वापरतात.

मात्र वजन खूप घटले असेल किंवा बरेच दिवस पोटात जवळजवळ काहीच गेले नसेल, तर घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयाला धोका होऊ शकतो. अशा रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत वाढवावा लागतो. चक्कर, छातीत धडधड, पायांवर सूज दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.