पिकअप गाडीचा बदल : इंधनव्यय आणि मालकीखर्च

पुढे चालकाची बंदिस्त केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या, साधारणतः पाऊण ते दोन टनांपर्यंत माल वाहणाऱ्या हलक्या मोटारगाडीस पिकअप म्हणतात; अशी वापरातली गाडी विक्रीस काढून तिच्या जागी नवी, अधिक वजनाची किंवा अधिक किफायतशीर गाडी घेताना इंधन, भांडवल, व्याज, घसारा, विमा, कर आणि दुरुस्ती यांचा जो एकत्रित ताळेबंद मांडावा लागतो, त्याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या 'टी' मॉडेलच्या गाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरना विक्रीस आणली, तेव्हापासून या प्रकारास स्वतंत्र नाव मिळाले. भारतात जीपच्या सांगाड्यावर हौदा चढवून हे काम पुष्कळ वर्षे भागविले जाई. पुढे २००५ साली 'टाटा एस' ही लहान मालगाडी बाजारात आली आणि 'छोटा हत्ती' या लाडक्या नावाने खेड्यापाड्यांत रुळली. शेतमाल, दूध, किराणा, बांधकामाचे साहित्य, मंडपाचे सामान अशा नाना वस्तूंची वाहतूक आज महाराष्ट्रात या वर्गाच्या गाड्यांवरच चालते, आणि अनेक कुटुंबांच्या दृष्टीने जमीन व घर यांच्या खालोखाल हीच सर्वांत मोठी खरेदी ठरते.

गाड्यांच्या अड्ड्यावर, शोरूममध्ये किंवा बाजार समितीच्या फाटकाशी रांगेत उभ्या असलेल्या मालकांमध्ये गाडीविषयी पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो 'ॲव्हरेज' काय देते, हा. लिटरमागे किती किलोमीटर, हे परिमाण सोयीचे वाटले तरी ते मूळ प्रश्नाच्या उलट बाजूने मोजलेले आहे. कारण मालकाच्या हाती ठरलेले असते ते अंतर, आणि त्याला शोधावयाचे असतात ते त्या अंतरासाठी जळणारे लिटर. लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी काढून १० देणारी घेतली, तर दहा हजार किलोमीटरमागे १,२५० ऐवजी १,००० लिटर डिझेल लागते, म्हणजे अडीचशे लिटर वाचतात; याउलट १५ देणारी काढून २० देणारी घेतली, तर ६६७ ऐवजी ५०० लिटर लागून बचत १६७ लिटरांचीच होते. पहिल्या बदलात दोनच किलोमीटरांची भर पडली, दुसऱ्यात पाचांची पडली, तरी पदरात अधिक पडले ते पहिल्यात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक व जॅक सोल या अभ्यासकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा दृष्टिभ्रम सोदाहरण मांडला, आणि तेथे २०१३ सालच्या मॉडेलांपासून नव्या गाडीच्या काचेवरील सरकारी पत्रकात दर शंभर मैलांस किती गॅलन लागतात हा आकडाही छापणे सुरू झाले. आपल्याकडील मालकाने यातून एवढेच घ्यावे, की जुनी गाडी जितकी अधिक तेल पिणारी, तितका थोड्याशा सुधारणेचाही लाभ मोठा. आणि जी मुळातच बरी चालते, तिच्या बाबतीत जाहिरातीतील वाढीव आकड्याला फारसे मोल देऊ नये.

जाहिरातीतला आकडा येतो तो प्रयोगशाळेतून. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या 'एआरएआय' या संस्थेसारख्या अधिकृत चाचणीकेंद्रात गाडी फिरत्या रुळांवर उभी करून, ठराविक वेगक्रमाने चालवून तो काढलेला असतो. दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास तो प्रमाण मानावा, परंतु घाट, खड्डे, नाक्यावरची खोळंबा-रांग आणि हौद्यातला माल यांची त्यात गणना नसते. आपल्या गाडीचा खरा आकडा काढण्याची रीत जुनी आणि बिनचूक आहे. टाकी काठोकाठ भरावी, मीटरचा आकडा टिपावा, नेहमीच्या कामावर गाडी चालवावी, पुन्हा त्याच पंपावर टाकी तशीच भरावी, आणि दुसऱ्या वेळी गेलेल्या लिटरांनी मधल्या किलोमीटरांना भागावे. मात्र ही नोंद एका खेपेपुरती न ठेवता भरली खेप, मोकळी खेप, पावसाळा, उन्हाळा अशी किमान काही महिन्यांची ठेवावी. स्टिअरिंगमागच्या फळीवर रबराने बांधून ठेवलेली, तेलकट बोटांचे ठसे उमटलेली अशी वही ज्या गाडीत आढळते, त्या गाडीचा मालक विक्रेत्याशी बोलताना सहसा फसत नाही, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. हिशेबही प्रथम लिटरांत करावा आणि मगच रुपयांत उतरवावा. कारण डिझेलचा दर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला, जून २०१७ पासून तो दररोज ठरू लागला, आणि मुंबईत ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने लिटरला शंभरी ओलांडल्याचे लोकांनी पाहिले आहे.

तथापि लिटर हे मापही मालवाहनाच्या बाबतीत अपुरेच पडते, कारण गाडी धावते ती माल पोचविण्यासाठी. पाऊण टन माल घेऊन लिटरला १८ किलोमीटर जाणारी छोटी गाडी एका लिटरात साडेतेरा टन-किलोमीटर काम करते, आणि दीड टन घेऊन १२ किलोमीटर जाणारी पिकअप अठरा टन-किलोमीटर करते. म्हणजे अड्ड्यावर जिची कुचेष्टा होते ती पूर्ण भरलेली असताना अधिक किफायती ठरते, आणि तीच पिकअप अर्ध्या मालावर नेली की हा मान गमावते. जुन्नर तालुक्यातील टोमॅटोचे उदाहरण घ्यावे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव वीस किलोंच्या क्रेटवर बोलला जातो. असे ७० क्रेट हौद्यात रचले की माल चौदाशे किलो आणि रित्या क्रेटचे वजन धरून भार दीड टनाच्या घरात जातो. वाशीच्या बाजारापर्यंतची जाऊन-येऊन खेप ३०० किलोमीटर धरली, लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर खेपेस २५ लिटर म्हणजे २,२५० रुपये लागतात आणि क्रेटमागे सुमारे ३२ रुपये इंधन पडते; ३५ क्रेटच भरून निघालेल्या गाडीत, हलक्या भारामुळे थोडे डिझेल वाचले तरी, हाच आकडा दुपटीच्या आसपास जातो. ज्या दिवशी क्रेटला भाव पडलेला असतो, त्या दिवशी हे तीस-बत्तीस रुपये म्हणजे मजुरी फिटणे आणि न फिटणे यांतील तफावत असते.

या मार्गाचा उतारही हिशेबात घेण्याजोगा आहे. माळशेज घाटाने जाणारा माल देशावरून कोकणात खाली उतरतो, गिअरमध्ये ठेवलेली भरली गाडी उतारावर इंधन जवळजवळ घेतच नाही, आणि चढ चढावयाचा तो परतीस, हौद्यात रिते क्रेट खडखडत असताना; निसर्गाने भाजीवाल्याला दिलेली ही सवलत खत किंवा सिमेंटचे परतीचे भाडे मिळताच संपुष्टात येते, तरीही परतीचे भाडे घेणेच हिताचे, कारण मोकळी गाडी जाळते त्या डिझेलला कोणीच भाडे देत नाही. इंधनात वाचलेले मात्र ब्रेकच्या लायनरमध्ये खर्ची पडते, आणि उतारावर भार घेऊन वर्षभर चालणाऱ्या गाडीचे लायनर, टायर व कमानपाटे यांचा खर्च सपाटीवरच्या गाडीच्या मानाने कधीही अधिकच निघतो.

आता मालकीखर्चाकडे वळू. नवी गाडी घेणाऱ्याच्या मनात हप्ता आणि डिझेल या दोनच रकमा असतात, कारण त्या खिशातून रोख जातात. घसारा कोणी मागावयास येत नाही, म्हणून तो खर्च वाटत नाही, आणि तोच बहुधा सर्वांत मोठा असतो. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. मालकाने त्यांच्या जागी आपल्या वहीतले घालावेत. जुनी पिकअप लिटरला ११ किलोमीटर देते आणि आज साडेतीन लाखांस जाते. नवी १४ देते आणि दहा लाखांस पडते. मधल्या साडेसहा लाखांचे कर्ज दसादशे दहा दराने पाच वर्षांच्या मुदतीने घेतले. हप्ता दरमहा सुमारे १३,८०० रुपयांचा बसतो आणि मुदतीअखेर व्याजापोटी पावणेदोन लाखांहून थोडे अधिक, म्हणजे वर्षास सरासरी ३६,००० जातात. पाच वर्षांनी नवी गाडी साडेचार लाखांस आणि जुनी, ठेवलीच असती तर, दीड लाखास विकेल असे मानले, तर नवीचा घसारा वर्षास १,१०,००० आणि जुनीचा ४०,०००, म्हणजे बदलामुळे वाढलेला घसारा ७०,००० रुपये होतो. विम्याचा वाढीव भार १५,००० धरल्यास एकूण वाढ वर्षास १,२१,००० रुपयांची झाली. यातून नव्या गाडीमुळे वाचणारी दुरुस्ती ४०,००० वजा करावी. उरलेले ८१,००० रुपये डिझेलच्या बचतीतून भरून निघावयास हवेत. ती बचत ९० रुपये दराने किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन रुपये आहे, अर्थात वर्षाकाठी सुमारे ४६,००० किलोमीटर चालल्याखेरीज हा बदल इंधनाच्या बळावर फिटत नाही.

शेहेचाळीस हजार किलोमीटर म्हणजे वाशीच्या दीडशेहून अधिक खेपा. जो भाड्याने गाडी चालवितो, शेजारच्या चार गावांचा माल उचलतो आणि वर्षात दोनशे खेपा करतो, त्याने खुशाल गाडी बदलावी, त्याला ती फेडून वर काही देईल. परंतु जो आपल्याच शेताचा माल हंगामात ऐंशी खेपांत पोचवून उरलेले महिने गाडी गोठ्याशेजारी उभी ठेवतो, त्याने केवळ ॲव्हरेजच्या आशेने दहा लाखांची गाडी घेणे हे डिझेलमध्ये रुपया वाचवून घसाऱ्यात दोन रुपये घालविण्यासारखे आहे. या दुसऱ्या मालकाविषयी लेखकास विशेष कळकळ वाटते, कारण शोरूममध्ये त्यालाच लिटरचा आकडा सर्वांत आधी ऐकविला जातो, आणि हप्ता मात्र बाराही महिने पडतो, हंगाम असो वा नसो.

कायद्याच्या काही अटी या ताळेबंदात चोरपावलांनी शिरतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ अन्वये ज्या मालवाहनाचे मालासह एकूण वजन ३,००० किलोंच्या आत आहे त्यास परवाना लागत नाही. तेव्हा थोडा अधिक माल बसतो म्हणून ही मर्यादा ओलांडणारी गाडी घेणाऱ्याने परवान्याचा खर्च व खेटे आधीच धरून ठेवावेत. माल अधिक भरून ही अडचण टाळू पाहणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये असा दंड आहे. वाहनयोग्यतेचा दाखला गाडीस आठ वर्षे होईतो दर दोन वर्षांनी आणि तदनंतर दरवर्षी घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्रात आठ वर्षांवरील मालवाहनास पर्यावरण करही लागू होतो. म्हणून विकावयाची असेल तर आठवे वर्ष भरण्याआधी विकावी, असा दलालांचा जो सल्ला असतो त्यात तथ्य आहे. चालकाच्या बाबतीत मात्र दिलासा मिळाला आहे : साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालविण्यास हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले, त्यामुळे या एका कारणावरून विम्याची भरपाई अडण्याचे भय उरले नाही. मालवाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नोंदणीकृत व्यापाऱ्यास तो आपल्या देण्यातून वळता करता येतो, शेतकऱ्यास येत नाही, आणि नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमतही त्याच प्रमाणात खाली येते, हे विसरून चालत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर 'बीएस सहा' हे धूर-उत्सर्जनाचे मानक लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आणण्यात आले. त्यापूर्वीची गाडी बदलणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की नव्या गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते, आणि ती साफ होण्यास गाडी अधूनमधून वेगाने, तापेपर्यंत चालावी लागते. दिवसभर गल्लीबोळांतून दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते, दिवा लागतो आणि गावच्या मिस्त्रीच्या हाताबाहेरचे काम उभे राहते. अशा शहरी फेऱ्यांस सीएनजीची पिकअप अधिक योग्य होय. परंतु टाक्यांच्या वजनाइतका माल कमी बसतो, दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागते, आणि पंपावरच्या रांगेत गेलेला तास भाड्यातून वजा करावा लागतो.

व्यवहार उरकताना जुन्या गाडीच्या नोंदणीपुस्तकावरील कर्जाचा बोजा उतरविलेला असणे आवश्यक आहे. सावकारी संस्थेचा ना-हरकत दाखला हाती नसेल तर गिऱ्हाईक त्या कारणावरून किंमत पाडते, आणि नाव बदलेपर्यंत दंड-अपघाताची जबाबदारीही पहिल्या मालकाच्या गळ्यात राहते. अशी विकलेली पिकअप बहुधा आतल्या गावी जाते. तेथे ती सकाळी वाडीवस्तीवरून दुधाचे कॅन गोळा करून संकलन केंद्रावर उतरविते, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालते, वर्षात मोजक्या सातशे-आठशे लिटर डिझेलवर भागविते, आणि लिटरला अकरा किलोमीटरच देत असूनही नव्या मालकाला पुरेपूर परवडते.