जुनी काया, नवें एंजिन

अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या बाजारांत सन १९३२ ची एखादी फोर्ड कूपे विक्रीस येते. बाहेरून पाहतां गाडी अगदीं त्या काळची दिसते. परंतु बॉनेट उचलून पाहावें, तों एंजिन अलीकडचें, ब्रेक अलीकडचे, गिअर आपोआप बदलणारे, आणि बसणारासाठीं थंड हवेची सोयही केलेली! विकणारा म्हणतो, "गाडी १९३२ ची आहे." हें बोलणें खरें मानावें कीं खोटें? याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें.

'कूपे' हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'कापलेली' असा आहे. घोड्यांच्या मोठ्या गाडीचा एक भाग कमी करून दोघांपुरती जी लहान बंद गाडी केली, तिला हें नांव पडलें. पुढें तें दोन दारांच्या, बंद टपाच्या मोटारीस लागलें.

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें १९०८ पासून १९२७ पर्यंत 'मॉडेल टी' या एकाच प्रकारच्या दीड कोटींहून अधिक गाड्या केल्या. त्या साध्या, चार सिलिंडरांच्या. परंतु शेव्हरोले या प्रतिस्पर्धी कारखान्यानें १९२९ च्या गाडींत सहा सिलिंडर दिले, तेव्हां फोर्डनें १९३२ सालीं एकदम आठ सिलिंडरांचें एंजिन बाहेर काढलें. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणें तिरप्या मांडलेल्या. शक्ति ६५ घोड्यांची. अशीं एंजिनें तोंवर श्रीमंतांच्या गाड्यांतच असत. फोर्डची साधी कूपे मात्र पांचशें डॉलरांच्या आंत मिळूं लागली, आणि तीही महामंदीच्या ऐन कडाक्यांत.

कांहीं वर्षांनीं या गाड्या जुन्या होऊन स्वस्त झाल्या व दक्षिण कॅलिफोर्नियांतील होतकरू तरुणांच्या हातीं आल्या. त्यांनीं मडगार्ड काढून वजन कमी केलें, एंजिनांत नाना सुधारणा केल्या, आणि म्युरॉक व एल् मिराज येथील कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट भूमीवर गाड्या भरधांव सोडल्या. १९३७ सालीं त्यांनीं आपली संघटनाही स्थापिली. महायुद्धानंतर या छंदास भरती आली. १९४८ च्या जानेवारींत 'हॉट रॉड' नांवाचें मासिक निघालें, आणि अशा गाड्यांना तेंच नांव रूढ झालें. १९५५ सालीं शेव्हरोलेनें आठ सिलिंडरांचें नवें, हलकें व जोरदार एंजिन काढलें. तेव्हांपासून फोर्डच्या कायेंत शेव्हरोलेचा प्राण घालण्याचा प्रघात पडला. दोन वैऱ्यांची सोयरीक गॅरेजांत जुळली ती अशी!

फेरफार करण्यामागें केवळ हौसच असते असें नव्हे. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक लोखंडी सळयांनीं ओढले जात. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक फोर्डनें १९३९ च्या गाड्यांना प्रथम दिले. बॅटरी सहा व्होल्टची, आणि आसनास पट्टा नाहीं. आजच्या वेगवान रस्त्यावर अशा गाडींत मुलांबाळांस बसवावयाचें, तर ब्रेक बदलणें हें शहाणपणाचेंच म्हणावें लागेल. ज्याला कारखान्यांतून निघाली तशीच गाडी जपावयाची आहे, त्यानें ती जपावी. ज्याला रोज चालवावयाची आहे, त्यानें ती सुधारावी. दोघांच्याही म्हणण्यांत अर्थ आहे.

खरा प्रश्न विक्रीच्या वेळीं उभा राहतो. आज अमेरिकेंत १९३२ च्या नमुन्याबरहुकूम पोलादी बॉडी नवी करून मिळते, सांगाडाही नवा मिळतो. त्या काळचा एक खिळाही नसलेली 'बत्तीसची फोर्ड' उभी करतां येते, आणि रंग दिल्यावर अस्सल कोणती हें नवख्यास ओळखतां येत नाहीं. म्हणून जाणता गिऱ्हाईक प्रथम सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक पाहतो. आठ सिलिंडरांच्या त्या गाड्यांचा क्रमांक १८ या आंकड्यानें सुरू होई. मग तो कागदपत्रें पाहतो. प्रामाणिक विकणारा काय बदललें, केव्हां बदललें, याची यादी, पावत्या व छायाचित्रें पुढें ठेवतो. काढलेलें जुनें एंजिन जपलें असेल, तर तेंही गाडीबरोबर देतो.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कॅलिफोर्नियांत पेबल बीच येथें १९५० पासून उंची मोटारींचें प्रदर्शन भरत आलें आहे. तेथें १९९७ सालीं जुन्या हॉट रॉड गाड्यांना प्रथमच निराळा वर्ग मिळाला, आणि त्यांत डोन स्पेन्सर यांनीं पूर्वीं फेरफार करून सजविलेली १९३२ ची उघडी फोर्ड पहिली आली. एके काळीं ज्याला मोडतोड म्हटलें असतें, तोच आतां जपण्याजोगा इतिहास ठरला! म्हणजे अशी गाडी पुन्हां 'मूळची' करूं जाणाराही इतिहास पुसूं शकतो.

माझें आयुष्य शाळेंत गेलें. शाळेच्या रजिस्टरांत खाडाखोड चालत नसे. आंकडा चुकला, तर त्यावर एकच रेघ ओढावयाची, शेजारीं नवा आंकडा लिहावयाचा आणि सही करावयाची. खालचा आंकडा वाचतां आला पाहिजे, असा दंडक होता. दुरुस्तीला कोणी दोष देत नसे. दोष होता तो खरवडून टाकण्याला. "गाडी १९३२ ची आहे" हें विकणाराचें वाक्य म्हणूनच खोटें नसलें, तरी अपुरें आहे. पुढचें वाक्य त्यानें न विचारतां सांगितलें, कीं तो व्यवहार सचोटीचा झाला.