पायोरिया : जंतुविचाराकडून प्रतिकारविचाराकडे

थेरगावच्या शेजारी, पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. रोग म्हणजे जंतू व उपचार म्हणजे जंतुनाश, ही धारणा त्या काळी प्रबळ होती. न्यूमोनियासारख्या विकारांत ती फलदायीही ठरली. पायोरियाने मात्र तिच्या मर्यादा उघड केल्या. प्रस्तुत लेखात या विचारांतराचा मागोवा घेतला आहे.

सुश्रुतसंहितेत दंतमुळांचे १५ रोग वर्णिले आहेत. त्यांपैकी दंतवेष्टात हिरड्यांतून पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतात. त्याचे कारण दूषित रक्त, म्हणजेच शरीरातील बिघाड, मानले होते. युरोपात लेवेनहुकने १६८३ मध्ये दातांवरील किटणात सूक्ष्मजीव पाहिल्याचे कळविले आणि १८९० मध्ये मिलरचा मुखातील सूक्ष्मजीवांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कारणाचा शोध आता बाहेरून येणाऱ्या शत्रूकडे वळला. १९६५ मध्ये हॅराल्ड लो व सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवावयास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच पूर्ववत झाल्या. जंतुवादाचा हा निर्विवाद विजय वाटावा.

तथापि त्याच लो यांच्या पुढील अभ्यासाने त्या विजयाला छेद दिला, ही इतिहासातील मोठी रंजक घटना होय. श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० मजुरांची पाहणी १९७० पासून १५ वर्षे चालली. हे मजूर दात नियमित घासत नसत व त्यांना दंतोपचारही उपलब्ध नव्हते. किटण सर्वांच्याच दातांवर होते. परंतु १९८६ च्या निष्कर्षांनुसार ८ टक्के मजुरांत विकार झपाट्याने, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांत तो हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. जंतू असूनही परिणाम इतका भिन्न का, या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या प्रतिसादात शोधावे लागले.

किटणातील जंतूंना रोखण्यासाठी श्वेतपेशी हिरडीत गोळा होतात. त्यांच्यातून स्रवणारी विकरे जंतूंबरोबर दाताला धरून ठेवणारे तंतूही विरघळवितात, तर दाहाच्या संकेतांमुळे हाड झिजविणाऱ्या पेशी सक्रिय होतात. म्हणजे दात खिळखिळा होतो तो बऱ्याच अंशी स्वतःच्याच सैन्यामुळे! पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू तर या सैन्याची दिशाभूल करतो. २०११ मधील एका प्रयोगात त्याच्या अल्प संख्येनेही उंदरांच्या मुखातील जंतुसमूहाचा तोल बिघडून हाड झिजले; जंतुविरहित उंदरांत मात्र एकट्या त्याच्यामुळे ते झिजले नाही.

मधुमेह व तंबाखू यांचा संबंधही यातूनच उलगडतो. धूम्रपानाने हिरड्यांतील रक्तस्राव कमी दिसतो. परिणामी रोग आत वाढत असता रुग्ण निर्धास्त राहतो. भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीने दात घासण्याची आपल्याकडील रूढीही येथे विचारात घ्यावी लागेल. किटणाच्या चिकट थरात जंतूंवर प्रतिजैविकांचा प्रभाव क्षीण होतो. त्यामुळे पेनिसिलिन आल्यानंतरही या विकारावरील मूळ उपचार हाच राहिला, की तो थर हत्याराने खरवडून काढावा आणि रुग्णाने तो रोज ब्रशने निघेल असे पाहावे.