दाताची कीड : किडा नसलेला आजार

"डॉक्टर, दाढ किडली आहे, कीड मारायचं औषध द्या." नाशिकमध्ये असे सांगणारा रुग्ण आठवड्यातून एकदा तरी माझ्याकडे येतोच. खरे तर दाताच्या खड्ड्यात किडा नसतो. मग हा शब्द आला कुठून?

सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत. त्यातले ८ दातांचे आणि १५ हिरड्यांचे. दातांच्या रोगांत एक आहे 'कृमिदंतक'. दात काळा पडतो, त्याला छिद्र पडते, तो हलतो आणि खूप ठणकतो. लक्षणे आजही पटावीत अशी आहेत. चुकला तो फक्त कृमी.

ही समजूत एकट्या आपली नव्हती. प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही दातातल्या किड्याचा उल्लेख आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत. तापलेल्या बियांतून पांढरे कोंब बाहेर पडत आणि तेच 'दातातले किडे' म्हणून रुग्णाला दाखवले जात. आपल्याकडे हीच धुरी भुईरिंगणीच्या बियांची असे.

१७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकातून शोधूनही आपल्याला असे किडे सापडले नाहीत, असे लिहिले. खरे कारण १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी ग्रंथरूपाने मांडले. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातला चुना विरघळवते. म्हणजे दात कुरतडला जात नाही, विरघळतो.

याचा तुमच्याशी संबंध काय? दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. त्यात नस नसते, म्हणून सुरुवातीची कीड दुखत नाही. आत डेंटिनपर्यंत पोहोचली की थंड, गोड झोंबते. त्याच्याही आतल्या गाभ्यात नस असते. तिथे सूज आली की दाढ रात्रभर ठणकते. झोंबते तेव्हा गेलात तर बहुधा सिमेंट भरून भागते. ठणक्यापर्यंत थांबलात तर रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो. लवंगेचे तेल आणि वेदनाशामक गोळी दुखणे दाबतात, खड्डा भरत नाहीत. गाल सुजून ताप आला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जायचे कोणाकडे? पूर्वी बाजारात, जत्रेत बसून दात काढणारे असत. मुंबईत १९३३ मध्ये नायर दंत महाविद्यालय सुरू झाले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी आवश्यक केली. आज किमान बीडीएस ही पदवी लागते. १९९८ पासून आपल्या नाशिकलाच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि राज्यातील अनेक दंत महाविद्यालयांच्या पदव्या तेच देते. नस आणि रूट कॅनालसाठी एन्डोडॉन्टिस्ट, हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट, वेड्यावाकड्या दातांसाठी ऑर्थोडॉन्टिस्ट, लहान मुलांसाठी पेडोडॉन्टिस्ट. यातले कोण हवे ते ठाऊक नसेल, तर आधी जवळच्या बीडीएस डॉक्टरांकडे जा. ते पुढचे सांगतील.

'कीड' हा शब्द खुशाल वापरा. फक्त ती मारायचे औषध मागू नका. रात्री झोपण्यापूर्वी दात घासा, दिवसभर गोड चघळणे टाळा आणि दुखत नसतानाही वर्षातून एकदा दात दाखवा.